मे महिन्यातली गोधडी

सोनाळ्यात कुणाचाही रक्ताचा रिपोर्ट आधी माझ्याकडे येतो, डॉक्टरकडे नंतर. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्याचा हा मान. तो मला आवडायचाही, कशाला खोटं बोलू.

केसरबाई शेजारच्या. कापूस वेचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि विहारात वंदनेचा पहिला सूर त्यांचाच. थायरॉईडची गोळी रोज सकाळी न चुकता घ्यायच्या. दिवाळीनंतर त्या रिपोर्ट घेऊन आल्या. टीएसएचचा आकडा कितीतरी पट चढलेला.

मी चष्मा लावला. "बाई, थायरॉईड वाढलं तुमचं. गोळीतबी तेच असते. वाढलेल्यात अजून काऊन टाकता?"

"मंग बंद करू काय, गुरुजी?"

"हाव, करा."

संक्रांतीपर्यंत त्यांचा चेहरा सुजला, आवाज जाडा झाला. वेचणीत त्या मागे पडू लागल्या. बाया म्हणत, आळसावली. मीही हसून म्हणालो, वय झालं बाई. मे महिन्यात गाव भाजून निघत होतं आणि त्या ओट्यावर गोधडी पांघरून बसलेल्या.

"मले थंडी वाजून राह्यली, गुरुजी."

मला ती बंद केलेली गोळी आठवली. तरी "ताप असंल," म्हणून मी घरात शिरलो.

आठवड्याने एका सकाळी त्या उठेचनात. त्यांचा मुलगा संघर्ष त्यांना गाडीत घालून अकोल्याला घेऊन गेला, सोबत मी. तो औषधं आणायला गेला तेव्हा डॉक्टरांनी मला समजावलं. टीएसएच हा मेंदूखालच्या ग्रंथीचा हुकूम. गळ्यातली ग्रंथी आयोडीन वापरून हार्मोन बनवते. ते कमी पडलं की हुकूम वाढतो, मजूर हलेनासे झाले की मुकादम ओरडतो तसा. म्हणजे बाईंची गोळी वाढवायला हवी होती. हार्मोनवाचून त्यांचं सगळंच मंदावत गेलं होतं. अंगातली ऊब, आतडी, विचार आणि आता हृदय.

"गोळी कोणी बंद केली?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. त्या खोटेपणाची मला आजही शिसारी येते.

तिसऱ्या दिवशी बाई गेल्या.

काल संघर्ष आला, बायकोचा, सुवर्णाचा, रिपोर्ट घेऊन. "वाचा न गुरुजी. मायचा तुमच्यावरच भरोसा होता."

टीएसएच वाढलेलं होतं. मी कागदाची घडी करून त्याच्या हातात दिली.

"सुवर्णाले आजच डॉक्टरकडे ने," मी म्हणालो. "पण आधी बस. तुह्या मायची गोळी मी बंद केली होती."