सुपारी आणि तीन तलाव

आई हॉस्पिटलात, दुसऱ्या दिवशी तिच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन, आणि रविवारी सकाळी बाबा मला म्हणतात, "चल गो बाय, तलाव बघून येऊ." मी बघतच राहिले. आमचे बाबा म्हणजे घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. मुलुंडला सात वर्षं राहून त्यांनी मला साधी बाग दाखवली नव्हती, आणि आज म्हणे तलाव! खाली शेजारच्या काकांची फियाट पुसूनबिसून उभी होती, म्हणजे आदल्या दिवशीच मागून ठेवली होती.

मी तेव्हा तेरा वर्षांची. निघताना देव्हाऱ्यापुढे हात जोडले. संगमरवरी गणपती जागेवर नव्हता. तिथे चिमूटभर तांदळावर सुपारी मांडलेली होती.

मेले, म्हटलं. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी देव पुसताना तो माझ्या हातून निसटला होता आणि त्याचा उजवा हात तुटला होता. कुणाला न सांगता मी तो सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवला आणि वर कुंकू फासलं. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. आठ दिवसांनी आईचं पोट दुखायला लागलं. ते माझ्यामुळेच, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

मागच्या सीटवर एक कापडी पिशवी होती. बाबांनी ती उशीला टेकवून ठेवली होती. विचारायची माझी हिंमत होईना. गाडी बैलगाडीच्या चालीने चाललेली. "तो बघ पांगारा. कसला लाल झालाय!" असलं काहीतरी ते मध्येच म्हणत. यांना कळलंय की नाही? कळलं असेल तर ओरडत का नाहीत?

पवई तलावाला बाबा पिशवी घेऊन काठाशी गेले. जलपर्णीने पाणी झाकून गेलेलं. थोडा वेळ उकिडवे बसले आणि पिशवी तशीच घेऊन परत आले. "इथे नको," म्हणाले.

"काय नको?"

"काही नाही. बगळे बघ ते."

विहार तलावाशी वॉचमनने हटकलं. "पिशवीत काय आहे?" बाबा म्हणाले, "डबा." डबा तर माझ्या मांडीवर होता. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस! वॉचमन म्हणाला, "पिण्याचं पाणी आहे, साहेब. काही टाकायचं नाही." बाबांनी मान हलवली आणि आम्ही आरेतून, हायवेने बोरिवलीला निघालो. नॅशनल पार्कात पळस पेटलेला, काटेसावरीची फुलं रस्त्यावर पडलेली. एरवी मी वेडी झाले असते. तुळशी तलावाच्या वाटेवर तर आम्हाला पुढेच सोडलं नाही. तिथेच एका दगडावर बसून आम्ही बाबांनी केलेले करपलेले घावणे खाल्ले, आणि ते म्हणाले, "हवा छान आहे ना?"

माझा तोलच गेला. "आई तिकडे पडलीय आणि तुम्ही हवा काय खाताय? चार वाजता भेटायची वेळ आहे, आठवतंय ना?"

बाबा घाबरल्यासारखे झाले. मग त्यांनी पिशवीतून खणात गुंडाळलेला गणपती काढला. "तुझ्या आईसाठीच फिरतोय गो. मुलुंडच्या घरात आलो तेव्हा सामान लावताना ह्याचा हात तिच्याकडून मोडला. तिने गुपचूप चिकटवला. सात वर्षं कुणाला बोलली नाही. परवा रडत रडत मला सांगितलं. म्हणते, देवाला फसवलं, म्हणून ही गाठ. त्याला चांगल्या पाण्यात सोडल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही."

मला काही कळेचना. तो हात तर मी मोडला होता! की मोडलेलाच मोडला? मग गाठ नक्की कोणामुळे? मी हमसून हमसून रडले आणि सगळं सांगून टाकलं.

बाबांनी मूर्ती नाकाशी नेली. "तरीच म्हटलं, देवाला रबराचा वास कसा!" मग ती परत खणात गुंडाळली. "आईला सांगायचं की नाही? माका काय सुदरणा नाय." काही सुचेनासं झालं की ते मालवणीवर यायचे.

परत पवई. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, जलपर्णी हातांनी बाजूला सारत पुढे गेले आणि मोकळं पाणी लागलं तिथे मूर्ती सोडली. मी काठावर त्यांच्या चपला धरून उभी होते.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. आईने पहिल्यांदा तेच विचारलं, "सोडलात?"

"सोडला. मोकळ्या पाण्यात."

आईने पेन हातात घेतलं. मला राहवेना. "आई, तो हात मी मोडला. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी."

पेन थांबलं. लागली वाट, मला वाटलं. आता ही सही करत नाही, आणि तेही माझ्यामुळेच. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणून महिनाभर तोंड पाडून फिरतेस होय?" आई म्हणाली. "वेडी कुठली! एवढ्याशा पोरीच्या हातून चुकून पडला, तर त्यावर देव रागावतो होय गं?"

"मग तुझ्या हातून पडला, तर तुझ्यावर कशाला रागावेल?" बाबा हळूच म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिचे डोळे भरून आले, पण तिने सही केली.

आई पंधरा दिवसांनी घरी आली. देव कोणावर रागावला होता, की रागावलाच नव्हता, हे मला आजही नीट कळलेलं नाही. नवी मूर्ती आम्ही आणलीच नाही, सुपारीच राहिली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आई देव्हाऱ्यापुढे बसली आणि तिने मला हाक मारली. कापड माझ्या हातात दिलं.

"घे, तूच पूस. पडली तर पडली."