कुठून आली फाइल?

आमचे कंट्रोलरभाऊ कोणालाच आधी 'या' म्हणत नसत. आधी विचारत, "कुठून आले?" जावई असो, दूधवाला असो, नाही तर रोज तोंड दिसणारी मी असो. एकदा ऑफिसच्या दारात एक कुत्रं येऊन बसलं, तर त्यालाही विचारलं. आम्ही बाया हसलो, भाऊ हसले नाहीत. सारी नोकरी एस.टी.च्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागं गेली ना त्यांची. गाडी कुठून आली आणि कुठं चालली हे लिहिल्याशिवाय ती सोडायची नाही, ही सवय हाडात मुरलेली.

त्यांची बायको आमच्या गटात होती. रिटायर झाल्यावर भाऊ तिला सोडायला म्हणून शेलूबाजारच्या आमच्या ऑफिसात आले, कॉम्प्युटरसमोर बसले आणि मग तिथलेच झाले. आमचा गट गावरान बियाण्यांचा. कोणतं बी कोणाच्या घरी जपलेलं आहे, ते सारं एका फाइलीत असे. नावं एरवी दिसत नसत, बियाचं नाव टाकून शोधायचं बटण दाबलं की पुढं येत. फाइल आमची आणि कामरगावच्या गटाची, दोघांची मिळून.

ती फाइल उघडली की वर पिवळी पट्टी यायची. धोका असू शकतो, काही भाग बंद ठेवला आहे, असं काहीतरी. पट्टीवरचं बटण दाबलं की काम सुरू. पण आम्ही बाया कशा, स्वयंपाकघरातल्या डब्यासारखी जिनं तिनं फाइल उचलून आपल्या सोयीच्या जागी ठेवलेली. जागा बदलली की पट्टी पुन्हा हजर. भाऊंनी साऱ्या नकला गोळा केल्या, जमवून एकच फाइल केली, एक फोल्डर केलं आणि सेटिंगमध्ये जाऊन ती जागा भरवशाची म्हणून नोंदवली. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडायला आणखी एक खूण करावी लागते, तीही केली. पट्टी गेली. "फाइल आपल्या घरी असली का कोनी इचारत नाही," म्हणाले. "तुमी तिले गावभर फिरवता, मंग तो इचारनच ना."

मग एका साली माझ्या वालाला भुंगे लागले. माझ्या मायचे वाल ते. पांढऱ्या दाण्याला तांबडा डोळा. माय गेल्यावर तिचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच होतं, आणि मडक्यात हात घातला तर नुसतं पीठ. मागं कधी मी मूठभर कामरगावकडच्या कोणा बाईला दिले होते, पण कोणाला ते काही केल्या आठवेना. पेरणी तोंडावर आलेली. नेमकी तेव्हाच कामरगावची नवी फाइल मेलवर आली, त्यांच्याकडच्या साऱ्या बायांची नावं भरलेली. उघडली तर पट्टी लाल. शोधायचं बटण दाबलं तर ढिम्म.

मी म्हटलं, "भाऊ, कायले थांबता? करा ना चालू."

"कुठून आली?"

"कामरगावहून. अजून कुठून येईन?"

"मेलचा पत्ता त्यायचा नाही हा," म्हणाले. "वैनी, दार उघडाले येक बोट लागते. भलतं कोनी आत शिरलं, तर भाईर काढाले सारं गाव लागते."

कामरगावला फोन लावला, तर फाइल सांभाळणारी पोरगी माहेरी गेलेली, बाकी कोणाला काही ठाऊक नाही. मला रडू यायचंच बाकी होतं, आणि भाऊंनी टोपी घातली, ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन खिशात टाकली, जीप पकडली आणि कामरगावला गेले. संध्याकाळी परत. फाइल कामरगावचीच निघाली. त्यांचं नेट बंद पडलं होतं म्हणून कॉम्प्युटर क्लासवाल्याच्या मेलवरून पाठवली होती, एवढीच गोष्ट. मग फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अडवलेली' ही खूण काढली, फाइल आपल्या फोल्डरात ठेवली, उघडली. वाल, तांबडा डोळा, द्वारकाबाई.

तिला फोनही त्यांनीच केला. ती म्हणाली, फोनवरच्या मानसाले मी बियानं देत नाही, जिचं हाय तिले पाठवा. मी कपाळाला हात लावला. भाऊ मात्र इतके खूश, की बायकोला सांगून सगळ्यांना चहा पाजला. "बाई पक्की हाय," म्हणाले. "म्हनून तर वाल टिकले."

मी गेले. द्वारकाबाईनं माझ्या मायचं नाव विचारलं, माहेर विचारलं, दाण्याचा डोळा कोणत्या रंगाचा ते विचारलं, आणि मग माझ्या पदरात ओंजळभर वाल घातले. आज परसात मांडव आहे तो त्या वालांचाच.

पुढं भाऊंची बायको गेली. ऑफिसात येणं सुटलं, हळूहळू आठवणही जायला लागली. पोरगा वाशिमला घेऊन गेला. परवा मी त्या वालाच्या शेंगा घेऊन भेटायला गेले. खुर्चीत बसले होते. ओळख पटली नाही, मला दिसलंच ते.

"कुठून आल्या?"

"शेलूबाजारहून," मी म्हटलं.

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं.

"शेलूबाजारच्या हाय," सुनेला म्हणाले. "आता इचारू नोको काही. पानी आन."