रहीमच्या वाडीवरचं निळं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला साधी बिडी कधी लपवता आली नाही. तुम्हाला सांगतो.

जवळा बाजारच्या अलीकडे आमचं तळं आहे. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिथं आम्ही टरबुजं लावतो. आधी माझी वाडी लागते, वळणापुढं रहीमची. आम्ही लहानपणापासूनचे सोबती. पण टरबूज त्याचंच गोड! एकाच तळ्याचा गाळ, एकच पाणी — मग काहून?

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्त झाल्यावर फोनवरच्या नकाशाचा नाद लागला. लोकांनीच मिळून केलेला नकाशा तो; चूक दिसली तर कुणीही सुधारावी. कुणीतरी भरलेल्या तळ्याचा फोटो पाहून काठ काढला होता, त्यामुळे आमच्या सगळ्या वाड्या निळ्या पाण्यात बुडालेल्या. मी बसून उन्हाळ्याचा काठ काढला. एकेक वाडी कोरडी केली. आणि रहीमची?

रहीमची तशीच ठेवली. नाही — खोटं कशाला? निळा रंग ओढून त्याच्या वाटेवरही आणला. रेघ छान वळली, याचं वर समाधानही वाटलं!

वसमतकडून व्यापाऱ्यांच्या गाड्या फोन बघत येतात. पुढं पाणी दिसलं की त्या माझ्याच वाडीवर थांबायच्या. दोन-तीन उन्हाळे असेच गेले. रहीम टरबुजं सायकलवर लादून बाजार गाठायचा, उरलेली शेळ्यांना घालायचा. जाता जाता हसायचा, "गुरुजी, फोनात आमी बुडालो म्हणं! आता मासे विकावं का?"

"वरून तसंच दिसतं, बाबा," मी म्हणायचो. म्हणवत कसं होतं?

यंदा त्यानं माझ्या बांधावर बसून एक टरबूज फोडलं. "हे शेळ्यांच्या वाट्याचं. तुमी खा." काय गोडी होती! दुसरी फोड मी तशीच खाली ठेवली. तो गेल्यावर चिकट बोटांनीच फोन काढला. काठाच्या रेघेवरचं एक टिंब धरायला जावं तर भलतंच सरकायचं. एकदा तर माझीच वाडी बुडाली. एकटाच खो-खो हसलो. शेवटी वाट मोकळी झाली, वाडी वर आली.

आज सकाळी पहिली गाडी माझ्या वाडीवर न थांबता पुढं गेली. मग दुसरी. माझ्या टरबुजांवर धुरळा बसला आणि मला नाचावंसं वाटलं — या गुडघ्यांनी! तेवढ्यात रहीम पळत आला, भलंमोठं टरबूज माझ्या मांडीवर ठेवलं. "पाणी उतरलं गुरुजी! तुमीच उतरवलं ना? दुसऱ्या कुणाला जमतंय हे?"

व्हय म्हणालो. चढवलंही मीच — एवढंच सांगायचं राहिलं.

आता हे सगळं लिहिलेला हा कागद घेऊन त्याच्या वाडीकडे निघालोय. तो मोठ्यानं वाचतो, ही त्याची जुनी खोड. गाडीवाले सगळे तिथंच असतील. वाचू दे.