दार लावलं की नेट जातं

भूत, भानामती, बाधा... यातलं काहीही मी मानत नाही. आजही मानत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कुणी "आता तरी पटलं ना?" असं लिहायला नको. आमच्या घराण्यानं धम्म घेतला तेव्हाच आजोबांनी अंगारे-धुपारे घराबाहेर काढले. मी स्वतः गणित शिकवते. तरीही जे घडलं ते घडलं, आणि हे गणित मला सुटलेलं नाही.

आम्ही दहिसर पूर्वेला राहतो. आधी चाळ होती. ती पाडून तिथंच टॉवर झाला आणि आई आणि मी नवव्या मजल्यावर आलो. घरात आम्ही दोघीच. दहावीच्या मुलांच्या ऑनलाइन शिकवण्यांवर घर चालतं. चाळीत सकाळी उघडलेलं दार झोपतानाच लागायचं. इथं पॅसेजमधला गोंगाट माइकमध्ये येतो म्हणून क्लासच्या वेळी मी ते लावून घ्यायला लागले. सोसायटीचा नियमही तसाच आहे.

आई मात्र कोमेजत चालली होती. "मला इथं करमत नाही गं," एवढंच म्हणायची. तिकडून जालन्याच्या दादाचे फोन... आईला कायमची घेऊन जातो म्हणून. ती हो म्हणेल याची मला भीती वाटायची. भीतीच, दुसरा शब्द नाही.

त्यातच नेट जायला लागलं. क्लास सुरू झाला की गेलंच. मुलं ताटकळायची, पालकांचे मेसेज यायचे – मॅडम, असंच चाललं तर आम्ही दुसरीकडे बघतो. माझा मामेभाऊ प्रशांत अंधेरीला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं छातीठोकपणे सांगितलं, "ताई, स्पायवेअर आहे. कुणीतरी आत बसून तुझं नेट खातंय." स्कॅन केलं, काही सापडलं नाही. अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट केला, राउटर बदलला, नेटवाल्यानं वायर नवी टाकली. नेट जायचं ते जायचंच.

शेजारच्या सावंतकाकू मालवणच्या. त्या म्हणाल्या, "जाग्याचो दोष असतलो. एक नारळ फोडून टाक गो."

"काकू, नारळानं राउटर चालत असता तर कंपनीनं खोक्यातच दिला असता," मी म्हटलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

एका रविवारी प्रशांत आतल्या खोलीत स्क्रीनसमोर बसला होता. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला मी दार उघडलं. आतून आवाज आला, "ताई, आलं." मी दार लावलं. "गेलं."

योगायोग म्हणून सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. त्याला हेडफोन घालायला लावले, खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरचं दार मनाला येईल तसं उघडत-लावत राहिले. आतून त्याचं "आलं", "गेलं" एकदाही चुकलं नाही. वायर तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून येते, दाराशी तिचा काही संबंध नाही. डोअरबेलसुद्धा काढून पाहिली. शेवटी प्रशांतनं हात टेकले. "वाट लागली यार. हे सॉफ्टवेअर नाही."

तेव्हापासून मी दार सताड उघडं ठेवून शिकवते. आईनं उंबऱ्याशी स्टूल टाकलं. हळूहळू सावंतकाकू आल्या, वरच्या मजल्यावरच्या बायका आल्या. आई पुन्हा पहिल्यासारखी भांडायला लागली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मग सेक्रेटरी आले. "मॅडम, दार बंद ठेवायचा रूल आहे."

"माझं पोट नेटवर आहे. दार लावून नेट चालवून दाखवा, मी लगेच बंद करते."

त्यांनी आत येऊन स्वतः दार लावलं, आमच्या वायफायवर मोबाइल बघितला, दार उघडलं, पुन्हा बघितला आणि लिफ्टकडे गेले. नंतर नोटीस आली. ती मी घेतलीच नाही.

खरा पेच पुढे आहे. आई एका लग्नासाठी थोडे दिवस जालन्याला गेली. घरात मी एकटीच, म्हणून दार लावलं आणि आता क्लासचं काय, या विचारात बसले. नेट गेलं नाही. लावलं, उघडलं, आपटलं... काही फरक नाही. आई परतली त्याच संध्याकाळी मी हळूच दार लावून बघितलं, तर गेलं. आई आत चहा टाकत होती. तिला साधा मोबाइलही धड लावता येत नाही.

का, ते मला माहीत नाही. वायरिंग, अर्थिंग, सिग्नल – कुणाला खरं कारण ठाऊक असेल तर सांगा, मी तपासून बघेन. नारळवाल्यांनी तसदी घेऊ नये. समजत नाही म्हणून मी कुणापुढे हात जोडणार नाही.

गेल्या महिन्यात दादा आईला न्यायला आला. तिची बॅगसुद्धा त्यानंच माळ्यावरून काढली. आई दारात मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कशी येऊ रे? दार लावलं की हिचं नेट जातं. उघडं टाकलं तर राखायला कुणी नको का?"

ती नसताना दार लावूनही नेट झकास चालतं, हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.