तोबिनामी उशिरा उठतो

किजिमासानना रस्त्यात कोणी ओळखत नसे. बंदरामागच्या टेकडीवरच्या पार्कमध्ये ते वर्षानुवर्षं काम करत होते. आठवडाभर लाकडी घोड्यांच्या चक्राला तेल घालायचं, हिवाळ्यात पाळण्यांना रंग द्यायचा, आणि रविवारी सकाळी निळा पोशाख चढवून, रुपेरी शिरस्त्राण घालून, गळ्यात लाल मफलर बांधून तोबिनामी व्हायचं. गावातल्या झाडून साऱ्या पोरांनी त्यांचा हात हातात घेतलेला होता. पण तोच माणूस मासळीच्या दुकानात पुढे उभा असला तर पोरं त्याला धक्का देऊन आत घुसायची.

तोबिनामी मुळात मुलांच्या मासिकातल्या चित्रकथेतला. मग तो टीव्हीवर आला, एकदा सिनेमातही येऊन गेला, आणि मग मुलं दुसऱ्या वीरांकडे वळली. आमच्या पार्कात मात्र तो टिकून राहिला. मी त्या खेळाची ताई, म्हणजे माईक घेऊन मुलांशी बोलणारी बाई. बावन्न वर्षांची झाले, घरात सून आली, तरी रविवारी मी ताईच. सुनेला त्याचं फार हसू येतं.

खेळ दर वेळी तोच. ऑक्टोपस सेनापती येतो, मुलांना भिववतो, तोबिनामी धावून येतो, मारामारीत एकदा आडवा पडतो. मग मी म्हणायचं, "मुलांनो, तोबिनामीची ताकद संपली! आपल्या आवाजानंच ती परत येईल. सगळ्यांनी हाक मारा!" मुलं ओरडतात, तो उठतो, सेनापती हरतो. मग हात मिळवायची रांग. अशा खेळांत हे असंच असतं, त्याशिवाय मुलं घरीच जात नाहीत.

किजिमासान तरुण होते तेव्हा पहिल्या हाकेला ताडकन उठायचे. पुढे एका पावसाळी रविवारी तिकीट-खोलीच्या ओल्या छपरावरून उडी घेताना त्यांचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड दुखावलं. ते परत आले तेव्हा उभं राहून सगळं करत होते, पण एकदा आडवे पडले की उठणं ही मोठी अवघड गोष्ट होऊन बसली. आधी श्वास गोळा करायचा, मग डावा पाय पोटाशी घ्यायचा, मग एक हात जमिनीवर रोवून हळूहळू वर यायचं. तोवर मी मुलांना ओरडायला लावायची. "ऐकू नाही आलं! मागच्या बाकावरच्यांनी नाश्ता केला नाही का?" त्यांच्या मुठीतून अंगठा बाहेर आला की मी समजायची, आता उठतायत. हे आम्ही कधी बसून ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं एकत्र काम केलं की नवऱ्याच्या ताट सरकवण्यावरून वाढायचं की नाही ते कळतं, तसंच हे.

सेनापतीच्या पोशाखात ओयामादा असतो. तो म्हणायचा, "ताई, तुमचा घसा आणि त्यांचा खुबा एकाच दिवशी निकाली निघणार. आणि तोवर मी आठ हात हलवत उभा. माझा कोणी विचार करतं का?"

गेल्या वर्षी तोबिनामीचा नवा सिनेमा आला. त्यात म्हातारा तोबिनामी आपली मफलर तरुण शिष्याच्या गळ्यात बांधतो आणि समुद्रात निघून जातो. चित्रकथेतही तसंच छापून आलं. आता मुलं विचारायला लागली, "ताई, हा पहिला का दुसरा?" मॅनेजर म्हणाला की आपणही मफलर बांधायचा प्रसंग करू या. किजिमासान एकसष्ट वर्षांचे होते. सिनेमावाल्यांनी त्यांना विचारून तर गोष्ट लिहिली नव्हती, पण वेळ अचूक साधली होती.

नवा तोबिनामी म्हणून चिसे आली. चोवीस वर्षांची, माशांच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला. शाळेत असताना जिम्नॅस्टिक्समध्ये बक्षिसं मिळवलेली. लहानपणी ती याच बाकांवर बसून ओरडायची. पहिल्या तालमीला तिनं जे केलं ते बघून मी थक्क झाले. आडवी पडली, मुठीतून अंगठा बाहेर काढला, पाय पोटाशी घेतला, हात जमिनीवर रोवला, डाव्या खांद्याला हिसका देऊन सावकाश उठली. हुबेहूब.

किजिमासानच्या बायकोनं, हात्सुएसाननं, धुतलेला पोशाख आणून दिला होता. ती दारातच थबकली. "अगंबाई! हे तर आमच्याकडे रोज सकाळी अंथरुणातून उठताना असतं!"

ओयामादा खो खो हसला. चिसेचा चेहरा पडला. तिला खरंच वाटलं होतं की तो तोबिनामीचा डौल आहे. लहानपणी तिनं ते गादीवर शंभरदा घोकलं होतं.

किजिमासान मात्र हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले. "हे टाकून दे," ते म्हणाले. "हा तोबिनामी नव्हे, हा माझा आजार आहे. तुझं हाडपेर ठणठणीत आहे ना? मग पहिल्या हाकेला उठायचं. ताडकन. मुलांना फसवायचं नाही."

"पण किजिमासान, मला वाटलं—"

"वाटू देऊ नकोस. ऊठ."

ती ताडकन उठली. अशी उठली की खालची फळी वाजली.

मग ते मॅनेजरकडे गेले आणि माझ्यासमोर म्हणाले, "तीन रविवार बघू. पोरांनी हिला तोबिनामी मानलं तर ठीक. नाही तर पोशाख काचेच्या पेटीत ठेवा आणि खेळ बंद करा. माझ्या पुण्याईवर नुसता पोशाख नाचवायचा, ते मला चालणार नाही."

मॅनेजरला खेळाच्या जागेवर हवा भरलेली घसरगुंडी हवीच होती. तो लगेच कबूल झाला. चिसेला हे मी सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "ठरवणार कोण?"

"तेच."

पहिल्या रविवारी मफलर बांधायचा प्रसंग झाला. जाड हातमोजे, शिरस्त्राणाच्या फटीतून दिसणार फक्त पुढची दोन हात जमीन, आणि त्यात किजिमासान हट्टानं खरी गाठ मारत होते. नुसती मफलर गळ्यात टाकली असती तरी चाललं असतं. गाठ सुटली, पुन्हा मारली. बाकांवरची पोरं माना लांबवून बघत होती. मग ते मागच्या पायऱ्या चढून समुद्र म्हणून सोडलेल्या धुरात गेले, आणि पडद्यामागे मी बघितलं तर हात्सुएसान त्यांचे बूट ओढून काढत होती.

दुसऱ्या रविवारी चिसे एकटी. काय ती उडी, काय ती कोलांटी! आई-बाप टाळ्या वाजवत होते. ती पडली. मी म्हटलं, "मुलांनो, हाक मारा!" मुलांनी एकदा "तोबिनामी!" म्हटलं आणि ती उभी. दुसऱ्या हाकेसाठी पोरांनी छाती भरून घेतली होती ती तशीच राहिली. तोंडं उघडी, आवाज नाही. ओयामादा लाथ खाऊन पडला तेव्हाही टाळ्या मोठ्यांच्याच.

हात मिळवायच्या रांगेत एक मुलगा माझा हात धरून म्हणाला, "ताई, आज तो आपला आपणच उठला."

"मग चांगलंच झालं की, ताकदवान आहे तो."

"हो," तो म्हणाला, आणि रांगेतून बाहेर जाऊन आईकडे आईस्क्रीम मागायला लागला.

चिसेनं ते ऐकलं होतं. पोशाखात असताना बोलायचं नसतं, म्हणून ती पुढच्या मुलाचा हात धरून नुसती उभी राहिली.

त्या दुपारी मी तिला घेऊन किजिमासानच्या घरी गेले. हात्सुएसाननं बार्लीचा गार चहा दिला, आत खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे समोर ठेवले. किजिमासान तोबिनामीचे बूट वाळायला दोरीवर उलटे टांगत होते. अजून त्यांनी ते काम सोडलं नव्हतं. मी त्या मुलाचं बोलणं सांगितलं.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "आपला आपण उठला. वीरानं तसंच उठावं. मी इतकी वर्षं उठू शकत नव्हतो, आणि ताई लेकरांचे घसे फोडून घेत होत्या. मला काय आनंद वाटायचा होय?"

"लाज वाटायची," हात्सुएसान म्हणाली. "रविवारी जेवायचे नाहीत धड. मी म्हणायची, अहो, पोरं हसत घरी गेली. तर म्हणायचे, फसवलं मी त्यांना."

चिसेनं हातातला भाताचा गोळा खाली ठेवला. "मी सहा वर्षांची होते, तेव्हा तुम्ही एकदा उठतच नव्हतात. मला वाटलं, आज मेलाच हा. मी इतकी ओरडले की दोन दिवस आवाज गेला. आजीनं मध-पाणी दिलं. मी आजीला सांगितलं, मी उठवलं त्याला. त्या वर्षी आई घर सोडून गेली होती. माझ्या सांगण्यावरून काहीच होत नव्हतं. आणि तो एवढा मोठा, तो मात्र माझ्या हाकेनं उठला." ती थांबली. "मला कोणी फसवलं नव्हतं, किजिमासान."

किजिमासान बुटाची दोरी बांधत राहिले. एक बूट खाली पडला. तो उचलायला ते वाकले नाहीत, हात्सुएसाननं उचलला.

"तू म्हातारी नाहीस," शेवटी ते म्हणाले. "आजाराचं सोंग करणार का?"

"सोंग नाही करणार. वाट बघेन."

"किती?"

"ते मला काय माहीत!"

"मग मी बाकावर बसून बघतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजावरून मला काहीच कळेना.

तिसऱ्या रविवारी ते खरंच आले. साधा शर्ट, टोपी, तिसऱ्या रांगेत कडेला, हाताची घडी. त्यांच्या शेजारी दोन वेण्यांची एक छोटी मुलगी. कुंपणापाशी मॅनेजर. मी चिसेला म्हटलं, "आलेत." ती शिरस्त्राण घालत म्हणाली, "नका सांगू."

खेळ सुरू झाला. ती पडली, पाठीवर, हात पसरून. मी हाक दिली, मुलांनी ओरडा केला. मी मुठीकडे बघितलं. अंगठा आत.

"आणखी जोरात!"

मुलं उभी राहिली. अंगठा आतच. ओयामादा तिच्याभोवती आठ हात फिरवत गडगडाटी हसला, मग माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "ताई, लवकर करा हो, मी आत उकडून निघालोय. खरंच लागलंय की काय तिला?"

मलाही तीच भीती वाटायला लागली होती. किजिमासानच्या वेळी मला माहीत असायचं, तो खुबा आहे. इथे काहीच माहीत नव्हतं. मुलांचे आवाज चिरकायला लागले. एक जण रडकुंडीला आला. मी माईक घेऊन बाकांमध्ये उतरले. "मोठ्यांनीसुद्धा! हाताची घडी घालून बसणाऱ्यांनीसुद्धा!"

वेण्यांची मुलगी किजिमासानकडे वळली. "आजोबा, तुम्ही नुसते ओठ हलवताय."

"अं?"

"दिसतंय मला. तो मरेल ना!"

किजिमासानची घडी सुटली. त्या जागेवर इतकी वर्षं त्यांनी तोंडातून शब्द काढलेला नव्हता. तोबिनामीचा आवाज टेपवरून यायचा. ते पुढच्या बाकाला धरून उठले. चेहरा पांढरा पडला होता. पोशाखाच्या आतलं माणूस आडवं पडलं की काय काय होऊ शकतं, ते तिथे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"ऊठ!" आवाज आधी फुटलाच नाही. मग फुटला तो सगळ्यांच्या वर. "ऊठ, तोबिनामी! ऊठ!"

चिसेचं नाव त्यांच्या तोंडात आलं असतं तरी त्या घाईत कोणी दोष दिला नसता. पण आलं ते हे.

मुठीतून अंगठा बाहेर आला.

ती त्यांच्यासारखी उठली नाही, आणि ताडकनही नाही. आधी मान उचलली, बाकांकडे बघितलं, पुन्हा खाली टेकली. पोरांनी किंकाळी फोडली. मग दोन्ही गुडघ्यांवर आली, आणि प्रत्येक हाकेसरशी थोडी थोडी उभी राहिली. ओयामादा एवढा गोंधळला की लाथ बसायच्या आधीच पडला.

"माझ्यामुळे उठला!" वेण्यांची मुलगी म्हणाली.

"आणि मी काय नुसता बसलो होतो?" किजिमासान म्हणाले. आवाज पार बसला होता.

"तुम्ही शेवटी ओरडलात. मी पहिल्यापासून."

"बरं बाई. अर्धा तुझा, अर्धा माझा."

"थोडासा तुमचा," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून त्यांना रांगेत घेऊन गेली, कारण एकटीला तिला भीती वाटत होती.

मॅनेजर कुंपणाकडून तिथे आला. "मग काय किजिमासान? पेटी मागवू का काचेची?"

"बाजूला व्हा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "दिसत नाही का? रांगेत आहे मी."

मुलीचा हात मिळवून झाला. ती उड्या मारत गेली. शिरस्त्राणाच्या फटीतून चिसेला फक्त पुढच्याचे बूट दिसतात, आणि चक्राच्या तेलाचे डाग पडलेले ते बूट सगळ्या पार्कात एकाच माणसाचे होते. तिनं निळा हातमोजा पुढे केला. किजिमासाननी दोन्ही हातांत धरला. ती बोलू शकत नव्हती, त्यांना आवाज नव्हता. दोघंही हलेनात. मागची पोरं कुरकुरायला लागली, एकानं तर त्यांना कोपरानं ढोसलं.

मी काय करणार? ते माझंच काम. माईक तोंडाशी घेतला आणि म्हटलं, "आजोबा, पुढे सरका. मागे रांग आहे."