युसूफमिस्त्री आणि माझा माल

युसूफमिस्त्री माणसाला सलाम करण्याआधी त्याच्या गाडीची तार ओढून बघायचा. माझ्या वायरिंगच्या सामानाच्या दुकानात पहिल्यांदा आला तेव्हाही त्याने नाव-गाव विचारलं नाही. काउंटरवरच्या डब्यातून एक थिंबल उचललं, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवायचं ते तांब्याचं कडं. ते तारेवर दाबलं, तार खिळ्याला बांधली आणि कड्यात सुतळी ओवून शेजारच्या किराणा दुकानातलं पाच किलोचं माप टांगलं. कडं तारेवरून निसटलं आणि माप धाडकन खाली आलं. समोर चार ट्रक ड्रायव्हर उभे होते. मिस्त्री त्यांनाच म्हणाला, "कानातलं करा ह्याचं. गाडीला लावू नका."

चौघेही गेले. तेव्हापासून माझ्या मनात त्याच्याबद्दल प्रेम नाही, आणि तो मेला म्हणून इथे ते उसनं आणणार नाही.

भूकंपानंतरचे दिवस होते. सिमेंट आणि पत्रे घेऊन लातुरात ट्रकमागून ट्रक येत होते आणि खड्ड्यांत आपटून प्रत्येकाच्या तारा सुटत होत्या. मी नायगावहून पत्र्याची एक पेटी घेऊन आलेला माणूस. हैदराबादचा माल किलोवर घासाघीस करून घ्यायचा आणि इथे नगावर विकायचा, एवढंच माझं शिक्षण. युसूफकडे थिंबल दाबायचं एक जडशीळ हत्यार होतं, त्याला दातेरी चाप होता. त्याला तो कुणाचा हात लागू देत नसे. "हे लबाडी करू देत न्हाई शेठ," तो म्हणायचा, "पुरं दाबल्याबिगर तोंडच उघडत न्हाई." पक्कड त्याच्या लेखी खिळे उपसायची वस्तू. थिंबल दाबताना त्याचा मंत्र ठरलेला: "एक चिमटा तांब्याला, एक कातडीला." म्हणजे एक दाब उघड्या तारेवर आणि दुसरा तिच्या वेष्टणावर, हादऱ्याने तार तुटू नये म्हणून. एवढ्या ज्ञानाचं त्याने काय केलं? एका गाडीला दोन दिवस घेतले. शेजारचे मिस्त्री तेच काम पक्कडीने जेवणाआधी उरकत. त्यांनी दोन-दोन मजले चढवले. हा शेवटपर्यंत पत्र्याखालीच राहिला.

पुढे लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. ज्याला पाढे येत नव्हते त्याने क्लास काढला, ज्याला क्लास जमला नाही त्याने होस्टेल, आणि मी दोन जुन्या मिनीबस घेतल्या. मुलींना होस्टेलवरून क्लासला न्यायचं काम एका सरांनी मला देऊ केलं होतं. सोमवारी गाड्या दारात हव्या होत्या, नाहीतर दुसरा माणूस तयारच होता. दोन्ही गाड्यांचं वायरिंग कुजलेलं. नाइलाजाने युसूफला बोलावलं.

माझ्याकडे पिवळ्या थिंबलांचं पोतं पडून होतं. ती जाड तारेची आणि गाडीतली तार बारीक. मी म्हणालो, तार दुमडून दुहेरी कर, भरेल. त्याने हत्यार खाली ठेवलं.

"शेठ, चप्पल मोठी झाली म्हणून पायाला चिंध्या गुंडाळून चालतंय का मानूस?"

"चालतो. मी नायगावहून तसाच आलो."

"तुमी आलात. ह्या गाडीत दुसऱ्याच्या लेकी बसनार हायेत."

मी त्याला निघून जायला सांगितलं. खरं तर याहून वाईट बोललो. दुसऱ्या मिस्त्रीने दोन्ही गाड्या एका दिवसात तयार केल्या आणि सोमवारी त्या दारात होत्या.

तीन आठवड्यांनी भर बाजारात एका गाडीच्या डॅशबोर्डमधून धूर निघाला. मुली रस्त्यावर उड्या टाकून किंचाळत होत्या. ढिला जोड तापत राहतो आणि फ्यूजला त्याची खबरही लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. युसूफ त्याच्या पत्र्याखालून धावत आला आणि त्याने बॅटरीची तार उपटली. मुलींना काही झालं नाही. मग तो रस्त्यातच मांडी घालून बसला. गाडीतली माझी थिंबलं बोटांनी ओढून काढली आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. माझ्याशी बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं येतात.

सर आले. त्यांनी मला काहीच विचारलं नाही, त्याला विचारलं, या माणसाची गाडी पुन्हा लावावी का? अर्ध्या बाजारासमोर माझा धंदा त्याच्या जिभेवर होता.

"लावा," युसूफ म्हणाला. "वायरिंग मी करतो. सामान ह्यांच्या दुकानचं नको."

धंदा वाचवला आणि त्याच वाक्यात दुकान बुडवलं. पुढे वर्षभर लोक मला ते वाक्य ऐकवत होते. शेवटी पोतं भंगारात घातलं, तारेच्या मापाची चांगली थिंबलं आणली आणि मीच त्याला दाखवायला नेली. त्याने ओढून पाहिली आणि नुसतं "हाव, चालतंय" म्हणाला.

तो वारला तेव्हा मी मातीला गेलो. त्याच्या भावाने विचारलं, आपण कोण? मी म्हणालो, गिऱ्हाईक. दुकानदार म्हणायला जीभ उचलली नाही.

आजही गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर येतं आणि म्हणतं, "युसूफवालं थिंबल द्या." दुकान माझं, माल माझा, पैसा मी घातलेला, आणि नाव त्याचं. दुसऱ्या दुकानांत हे नाव घेतलं की ते लोक गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठवतात. मी डबा काढतो, भाव सांगतो. त्या डब्यावर कुणी घासाघीस करत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.