नाखव्याच्या हातातला जपानी मोती

मोती बघून घाम फुटलेला माणूस झवेरी बाजारात शोधून सापडायचा नाही. मला फुटला होता. दोहा शहरातल्या आमच्या खोलीत, भाताच्या ताटासमोर, पाहुण्यानं खिशातून निळी मखमली डबी काढून उघडली आणि माझा घास तोंडातच राहिला.

मी जात्याच भित्रा. रत्नागिरीकडच्या आमच्या गावाला खाडी ओलांडायची असली की मी होडीच्या मधोमध बसायचो आणि काठाला लागेपर्यंत कलमा पुटपुटत राहायचो. अशा माणसाला समुद्रापलीकडे नोकरी लागावी, हा नशिबाचा चावटपणा. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. कतारमध्ये तेल निघालं होतं, बाजारात पैसा खेळू लागला होता, आणि चलन म्हणाल तर तिथंही रुपयाच. एका कतारी व्यापाऱ्याच्या दुकानात मी कारकून होतो. मालकाला तिथं सगळे अरबाब म्हणत, मीही म्हणायचो. त्याची इंग्रजी पत्रं लिहिणं आणि बँकेच्या खेपा घालणं, हे माझं काम. गावी आई आणि दोन बहिणी माझ्या मनिऑर्डरीवर होत्या. म्हणून अरबाब नुसता खाकरला तरी मी लेखणी टाकून उभा राहायचो.

सगळ्यांत जास्त पत्रं जपानहून यायची. त्या देशाला तेव्हा माल विकायची अशी घाई होती की आमच्यासारख्या एवढ्याशा दुकानालाही रंगीत चित्रांची पाकिटं येत. छापील कापड, बॅटऱ्या, थर्मास, शिवणयंत्रं. अरबाबनं माझ्याकडून एका कंपनीला लिहून घेतलं, माणूस पाठवा, नमुने दाखवा, मोठी ऑर्डर देतो. इंग्रजीला थोडी जास्तच कल्हई मीच केली. वाटलं होतं, एवढ्या लांब कोण येतोय. आणि खरंच एक माणूस यायला निघाला.

अडचण होती अरबाबच्या म्हाताऱ्या बापाची. आमच्या कोकणात गलबताच्या कप्तानाला नाखवा म्हणतात, म्हणून मनातल्या मनात मी त्याला नाखवाच म्हणायचो. तोंडानं चाचा. तरुणपणी तो स्वतः बुड्या मारायचा; नंतर मोती काढणाऱ्यांचं गलबत त्याच्या हाताखाली आलं. दरवर्षी मोती विकायला तो मुंबईला यायचा, त्यामुळं हिंदुस्थानी झकास बोलायचा. पुढं जपाननं शिंपल्यात मोती पिकवायला सुरुवात केली, समुद्रातल्या मोत्याला कोणी विचारीना, आणि या किनाऱ्यावर उपासमार आली. आता नाखव्याला डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळायचा. दिवसभर तो दुकानाच्या दारात बाकावर बसे आणि शिंपले उघडायच्या जुन्या सुरीनं संत्री सोली. ती सुरी रोज दगडावर घासून तो पाजळायचा. कशासाठी, हे विचारायची माझी छाती नव्हती.

दुकानात जपानी बॅटऱ्या होत्या, पण त्याच्यासमोर त्या देशाचं नाव कोणी काढत नसे. पाहुणा यायच्या आदल्या दिवशी अरबाबनं मला बाजूला घेतलं.

"बाबांच्या कानावर जपान हा शब्द गेला, की खलास," तो म्हणाला. "तू पुढच्या बोटीनं घरी. समजलास?"

समजलो. त्या क्षणापासून मी जीव मुठीत धरून होतो.

पाहुणा बहरीनहून लहान विमानानं आला. माझ्याच वयाचा, किडकिडीत, उन्हानं लाल झालेला. हॉटेलात चला म्हटलं, तर त्यानं पासपोर्ट उघडून दाखवला. सरकारनं त्याला किती डॉलर नेऊ दिले, ते त्यात शिक्का मारून लिहिलेलं होतं. ती रक्कम हॉटेलात उडाली असती तर परतीच्या वाटेवर उपाशीच मेला असता. त्यांच्याकडे बाहेरचा पैसा असा औषधासारखा मोजून मिळायचा. शेवटी तो आमच्या खोलीवरच आला. माझ्याबरोबर रायगडकडचा एक सुतार राहायचा, वयानं मोठा, त्याला मी दादा म्हणायचो. दादानं मासळीचं कालवण आणि भात केला. पाहुण्यानं भाताला असा हात घातला की दादा खूश होऊन गेला. "ह्यो तर आपल्यातलाच हाय रं," म्हणाला.

पाहुण्याचं इंग्रजी माझ्याहून मोडकं, पण कळायचं. त्याच्या प्रत्येक नमुन्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली असे, 'नो कमर्शियल व्हॅल्यू'. ही चीज विकायची नाही, हिला बाजारात किंमत नाही, असं कस्टमला सांगायची ती रीत. आमच्या दुकानातल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरही हे शब्द मी रोज लिहायचो. त्यानं समजावून सांगितलं, त्याला ऑर्डर नुसती तोंडी मिळून चालणार नव्हती. अरबाबच्या बँकेनं पैशाची हमी आधी द्यायला हवी, पौंडांत. तो कागद त्याच्या सरकारला दाखवला की कंपनीला बाहेरून कापूस आणायची परवानगी. कागद नाही तर कापूस नाही, आणि कापूस नाही तर गिरणी बंद. माझ्या पत्राच्या भरवशावर कंपनीनं त्याच्यासाठी डॉलर मागून घेतले होते. हात हलवत परत गेला असता तर पुन्हा त्याला कुणी कुठं पाठवलं नसतं. हे ऐकून मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्या पत्राची कल्हई आठवत होती.

आणि मग त्यानं ती डबी काढली. आत टाय-पिन, तिच्यावर टपोरा मोती. मालकासाठी भेट. कतारच्या लोकांना मोत्याची कदर असते, असं त्यानं वाचलं होतं म्हणे.

मी त्याला जमेल तसं सांगितलं. दुकानात म्हातारा आहे. मोत्यांचा कप्तान होता. तुमच्या मोत्यानं त्याचं सगळं गेलं. हा मोती त्याच्यासमोर आला तर ऑर्डर जाईल, माझी नोकरी जाईल, आणि त्याच्याकडे सुरी आहे. सुरीचं मी दोनदा सांगितलं.

मग त्यानं डबी मिटून माझ्यापुढं सरकवली. दादानं ती तांदळाच्या डब्यात खाली खुपसली. त्या डब्याकडे पाठ करून मला झोप येईना, तोंड करून तर मुळीच येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात नमुने मांडले. अरबाबनं कापड बोटांत चुरगळून पाहिलं, बॅटऱ्या लावून पाहिल्या. नाखवा दारात संत्रं सोलत होता. त्याला सांगितलं होतं, पूर्वेकडचा एक व्यापारी आलाय. त्यावर त्यानं पुढचं संत्रं उचललं. मी मात्र प्रत्येक वाक्य तोंडाबाहेर काढण्याआधी चाचपून बघत होतो, त्यात जपान कुठं अडकलाय का म्हणून. सदरा अंगाला चिकटला होता. भाव पटला. मला वाटलं, सुटलो.

मग बँकेची हमी निघाली आणि अरबाबचा चेहरा उतरला.

"माल डोळ्यांनी बघायच्या आधी मी बँकेत पैसे अडकवू?" तो म्हणाला. "माझा शब्द याला पुरत नाही? मग यल्ला, चला, उचलायला सांग त्याचं सामान."

मी ते पाहुण्याला सांगितलं. तो पांढराफटक पडला. एक एक करून नमुने पेटीत भरू लागला. पेटी बंद केली, उठला, दाराकडे निघाला. मी मनात म्हटलं, गेला बिचारा, पण निदान जिवानिशी गेला. तेवढ्यात त्यानं खिशात हात घातला आणि निळी डबी बाहेर काढली.

ती तांदळात नव्हती! अरबाबला नाही, त्यानं ती थेट नाखव्याच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, खाली वाकून.

(दादाला नंतर विचारलं तर म्हणाला, "त्यानं सकाळी मागितलीन, मी दिली. त्याचीच चीज. तुला काय धाड भरलीय?")

नाखव्यानं सुरी मांडीवर ठेवली. डबी चाचपली, पिन काढली, मोत्यावरून अंगठा फिरवला. मग खरा की खोटा ते पारखायला मोती दातांवर घासून पाहिला. अरबाब माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत मला माझी बोट दिसत होती.

"हाच तो पिकवलेला मोती," नाखवा हिंदुस्थानीत म्हणाला. त्यानं सुरी पुन्हा हातात घेतली. "कोणत्या देशाचा आहे हा, ते सांगू नकोस. विचार त्याला, हा कोणी काढला?"

मी विचारलं.

"माझ्या आईनं," पाहुणा म्हणाला. "हाच मोती असेल असं नाही. पण शिंपले ती काढते. आमच्या गावी बायका पाण्यात उतरतात. बाप लढाईत गेला. नंतर भात मिळत नव्हता. मोती बाहेर गेले, डॉलर आले, डॉलरवर भात आला."

हे भाषांतर करून सांगायचं म्हणजे आपल्या हातानं सुरीला धार लावून देणं. पण खोटं रचायला डोकं थाऱ्यावर लागतं, ते नव्हतं. जसं होतं तसं मी सांगून टाकलं.

"त्याला सांग," नाखवा म्हणाला, "त्याच मोत्यानं तिथं भात आला, आणि इथला संपला. माझ्या गलबताच्या फळ्या जाळून मी पोरांसाठी शेवटचा भात शिजवला. हा माझा मुलगा, त्यानं तो खाल्लाय."

अरबाब खाली बघू लागला. मी पाहुण्याला सांगितलं. वाटलं, आता तो काहीतरी बोलेल, माफी मागेल. तो कमरेत वाकला, पाठ जमिनीला समांतर, आणि तसाच राहिला.

"काय करतोय तो?" नाखव्यानं विचारलं. त्याला दिसत नव्हतं.

"वाकलाय, चाचा. तुमच्यासमोर."

नाखव्यानं संत्र्याची उरलेली साल काढली. एका फोडीतली बी सुरीच्या टोकानं उडवली. माझी नजर त्या टोकावरून हलत नव्हती. पाहुण्याच्या कपाळावरचा घाम फरशीवर टपटपत होता.

"अजून?"

"अजून."

"त्याच्या आईला ऐकू येतं का, विचार."

असला प्रश्न कशाला, मला कळेना. मी विचारला. पाहुणा वाकलेलाच होता, तसाच म्हणाला, "डाव्या कानानं नाही."

नाखव्यानं आपल्या कानाला हात लावला. खोल पाण्यात उतरणाऱ्यांचे कान फुटतात, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यानं सुरीच्या टोकाला संत्र्याची फोड लावली आणि हात पुढं केला. "उठव त्याला. खाऊ दे."

पाहुण्यानं ती फोड सुरीवरून उचलली आणि उभ्याउभ्या खाल्ली. मी तोवर श्वास घेतला नसावा, कारण नंतर बराच वेळ मी धापा टाकत होतो.

"त्याला बँकेचा कागद दे," नाखवा मुलाला म्हणाला. "हंगामाच्या आधी आम्हीही माणसांना उचल द्यायचो. घरी चूल पेटायची सोय केल्याशिवाय कोण पाण्यात उतरेल? यात शब्दाचा काय अपमान?"

अरबाबनं मान हलवली. दुपारी मी बँकेत गेलो, अर्ज भरून दिला. पाहुण्याला सांगितलं तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर बसून गुडघ्यात डोकं घालून रडला. मलाही रडायला आलं, पण माझं अर्धं रडणं नोकरी वाचली म्हणून होतं. ते मी नाकारत नाही.

मोती नाखव्यानं परत केला नाही.

निघायच्या दिवशी पाहुणा निरोप घ्यायला आला. नाखव्यानं कमरेच्या पट्ट्यातून एक लहानसा चिमटा काढला, शिंगाचा, वापरून गुळगुळीत झालेला. बुडी मारताना नाकाला लावायचा. त्यानं किती वर्षं जपून ठेवला होता, कोण जाणे. "आईला दे म्हणावं. आणि सांग, कान दुखायला लागले की वर यायचं. हट्ट करायचा नाही."

पाहुण्यानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पुन्हा भीती. परत गेल्यावर बाहेरून मिळालेली प्रत्येक चीज त्याला किमतीसकट दाखवावी लागायची. बाहेरचा पैसा कुठून आला, याची चौकशी व्हायची. "किंमत काय सांगू?" त्यानं मला हळूच विचारलं.

अशी गोष्ट म्हाताऱ्याला विचारायची म्हणजे पुन्हा आगीतून फुफाट्यात. पण त्या पोराची भीती मी ओळखत होतो. ती माझीच होती. मी विचारलं.

नाखवा थोडा वेळ मोती बोटांत फिरवत राहिला.

"तुझ्या त्या चिठ्ठ्यांवर काय लिहितोस तू?" तो म्हणाला. "मुलगा वाचून दाखवायचा मला. तेच लिही. त्याच्या लोकांनी या चिमट्याची तीच किंमत केली."

मी खणातून कोरी चिठ्ठी घेतली आणि रोजचेच शब्द लिहिले. नो कमर्शियल व्हॅल्यू. अक्षर वेडंवाकडं आलं. दोरा शिंगाभोवती गुंडाळताना गाठ बसेना.

"लिहिलंस?" नाखव्यानं विचारलं.

"लिहिलं, चाचा," मी म्हटलं.